तिरुक्करुगावूरचं पान

कलम चौथं, ऐका हो ऐका, कुठलंही कलम बदलायचं तर पाचही गावांची पानं आपल्याकडे दुमडली पाहिजेत, असा मी, सभेचा आचारीही आणि पुकारणाराही, मांडवाच्या मधोमध उभा राहून ओरडत होतो, आणि माझा आवाज म्हणजे काय सांगू तुम्हांस, मी नदीकाठच्या मेलकावेरीत नुसता खाकरलो तरी पलीकडच्या काठावरच्या म्हशी दूध चोरायच्या. खोटं वाटत असेल तर म्हशींस विचारा.

आम्ही मूळचे आचारी. आजा तंजावरच्या राजवाड्याच्या मुदपाकखान्यात होता. राज्य खालसा झालं आणि राजाच्या ताटावर जगणारी आमची मराठी घरं पोटामागं पांगली, कोणी पापनाशमला, कोणी नाचियार्कोविलला, कोणी इथं कुंभकोणात. मग म्हाताऱ्यांनी पाच गावांची सभा बांधली आणि वहीत कलमबंदी लिहिली. ज्या त्या गावानं आपलं आपण बघायचं, सामाईक फक्त वर्षाची पंगत, लग्नाची भांडी आणि कुंभकोणातलं सभेचं घर, तिथं दरेक गावाचं एक मूल राहून शिकणार. गाव मोठं असो की तीन घरांचं, पंगतीत त्याचं पान एक. आमच्यातले वकील म्हणायचे, गोविंदराव, दिल्लीत सरकार संघराज्याची घटना करायला बघतंय, ती तुमच्या आज्यांनी केळीच्या पानावर करून ठेवलीय. मी म्हटलं, वकीलसाहेब, आमच्या घटनेबरोबर रसमही मिळतं, दिल्लीस मिळेल का?

इकडची रीत अशी की जेवण गोड लागलं तर पान आपल्याकडे दुमडायचं, आणि मत द्यायचं तेही त्या पानानंच. जेवण झालं की गावाच्या माणसानं पान आपल्याकडे दुमडलं तर हो, पलीकडे दुमडलं तर नाही. उघडंच ठेवून उठला तर गावास विचारून सांगतो, म्हणजे गोष्ट पुढच्या वर्षावर गेली. आणि कलम बदललं तरी जुनं खोडायचं नाही, त्याच्यावर भाताच्या खळीनं चिठ्ठी डकवायची. पहिली चिठ्ठी भांड्यांची, दुसरी मुलांस इंग्रजी शिकवायची. तिसरी मात्र माझी. गावात पुरुष उरला नसेल तर बाईनं पानावर बसावं. त्यासाठी मी तीन दिवस ओरडलो, मांडवाचे दोन खांब पडले, तिसरा वाकला. कारण माझी थोरली अक्का तिरुक्करुगावूरला. तिथं मराठी घरं तीन, आणि तिन्हींतले पुरुष रंगूनला गेले ते गेलेच. अक्का पानावर बसली तेव्हा मी वाढताना माझ्याच हातून तूप सांडलं, इतका फुगलो होतो.

आता जुन्या कलमामागून मी पुकारत होतो ती चौथी चिठ्ठी. दहाहून कमी घरं असतील त्या गावाचं पान कुंभकोणच्या पानात मिळवायचं, आणि इथून पुढं कलम बदलायला पाचांचं एकमत नको, जास्तीची पानं पुरेत. कोणासाठी ते उघड होतं. दहाहून कमी घरं एकाच गावात. अक्काची चंद्रा तेव्हा नऊ वर्षांची, दुकानाच्या पुडीचा कागदसुद्धा सोडायची नाही, वाचून काढायची. येत्या वर्षी तिरुक्करुगावूरचं मूल म्हणून ती सभेच्या घरी यायची होती. पान गेलं की चंद्राची जागाही गेली. हे मला ठाऊक होतं बरं, पक्कं ठाऊक होतं.

पंगत उठली. चार पानं आपल्याकडे दुमडलेली. अक्का उठली ती पान तसंच उघडं ठेवून विहिरीवर हात धुवायला गेली. पुढच्या वर्षावर ढकललं तिनं, शहाणी बाई. आणि मी काय बघितलं? मी बघितलं, माझ्या सख्ख्या बहिणीनं माझ्या हातचं जेवून पान उघडं टाकलं. आचाऱ्यास याहून मोठी शिवी नाही हो. लोक म्हणतील आज सांबार बिघडलं, घरच्या माणसाससुद्धा गोड लागलं नाही. कलम मीच ओरडलो होतो, घटकेपूर्वी, आणि वाकलो, आणि अक्काचं पान तिच्या जागेकडे दुमडून टाकलं. सवयीच्या हातानं. मागून सभेचा कारकून आला, मोजलं, पाच पानं, पाच हो, आणि खळ लावली.

तेव्हा बोलायचं होतं. एक शब्द. पण लोक हसतील, आचाऱ्यानं मत दिलं म्हणतील, या भयानं कुंभकोणातला हा भोंगा मुका झाला. अक्का हात पुसत आली, पानाकडे बघितलं, मजकडे नाही, आणि पिशवी उचलून निघाली.

मग काय, जास्तीची पानं पुरेत म्हटल्यावर चिठ्ठ्यांस तोटा नाही. भांडी कुंभकोणात राहिली, पंगत कुंभकोणातच बसली, दर वर्षास एक चिठ्ठी, आता वही मिटत नाही, वर पाटा ठेवावा लागतो, आणि आज्यांचं अक्षर कुठं आहे ते आज्यांसही सापडायचं नाही. चंद्राची जागा पापनाशमच्या मुलास मिळाली. चौदाव्या वर्षी तिचं लग्न केलं, मदुरेस असते. मला पत्र लिहिते, मामा, वीस माणसांच्या सांबारास चिंच किती. असं अक्षर, हो, वकिलाच्या तोंडात मारील असं, आणि विचारते काय, तर चिंच.

गेल्या महिन्यात तिरुक्करुगावूरला गेलो. अक्का आता एकलीच. तांदूळ निवडत बसली होती. तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं, अगदी हळू, एक अक्षर फुगवलं नाही, देवीची शपथ. अक्का, तुझं पान मी दुमडलं, म्हटलं.

पाहिलं होतं मी, म्हणाली, विहिरीपाशीच उभी होते.