बंपरला चंदनाचा वास

आईशप्पथ, टपरीवर चहा पिताना सांगतोय, पण यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे बराचसा. आमच्या चाकणच्या कंपनीत जुन्या बंपरचं प्लॅस्टिक वितळवून दाणे करतात. त्यांना जळकट वास येतो, म्हणून गाडीच्या आतल्या भागांसाठी ते कुणी घेत नाही. आमच्या वैशाली मॅडमनी तो वास घालवायचा हट्टच धरला. कार्बन डायऑक्साइडला इतका दाब आणि उष्णता द्यायची, की तो धड वायू राहत नाही आणि धड द्रवही नाही. मग तो दाण्यांत शिरतो आणि वास घेऊन बाहेर पडतो. दाणे नापास झाले तर त्यासाठी आणलेलं नवं मशीन परत, असं मालकांनी बजावलं होतं.

गाडी कंपनीचे साहेब वास तपासायला येणार, त्याच सकाळी आमच्या खात्यातल्या गायकवाडकाकांनी नव्या मशीनची पूजा केली आणि धूप नेमका वास काढून ठेवलेल्या दाण्यांच्या उघड्या परातीशेजारी ठेवला.

साहेबांनी गरम दाण्यांची बरणी नाकाशी धरली. "मॅडम, हा तर चंदनाचा वास!"

"चांगलाच आहे की, साहेब," मी म्हणालो.

"वास म्हणजे वास. नापास."

मॅडम हटल्या नाहीत. "सर, संध्याकाळपर्यंत थांबा. हेच दाणे पुन्हा मशीनमधून काढून देते." मग काकांकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "काका, श्रद्धा तुमची, पण दाणे माझे."

संध्याकाळी साहेबांनी बरणी दोनदा हुंगली. मग नाक चालू आहे ना, हे बघायला चहाचा कप हुंगला. "पास!"

आता कबूल करतो, काकांना उद्देशून ते वाक्य मी रचलंय. मॅडम खरंच जे बोलल्या, ते इथं सांगितलं तर टपरीवाला आपल्याला उठवेल.