न बेतलेलं कापड

— नाही नाही, हात खाली नका घेऊ, काखेत टाचणी आहे. हां, अश्शाच उभ्या राहा, खिडकीकडे तोंड करून. आणि माझ्या तोंडात टाचण्या असल्या तरी मी बोलते हं, त्याची काळजी करू नका, आजवर एकही गिळलेली नाही. फोन? तो माझाच, कात्रीखाली ठेवलाय. वाजला तर मला घ्यावा लागेल, आधीच माफी मागून ठेवते. एरवी गिऱ्हाईक अंगावर कपडा चढवून उभं असताना मी फोनला हात लावत नाही, पण आज सूनबाईचा येणार आहे, हॉस्पिटलमधून — नाही हो, बाळंतपण नाही! सगळ्यांना तेच वाटतं. बाळंतपण पुढे ढकलायला गेलीय म्हणा. तिच्या मानेजवळ गाठ निघाली. कॅन्सरची. अहो, चेहरा नका पाडू, खांदे पडतात मग, माप चुकतं. लवकर सापडलाय, बरी होणार आहे ती. डॉक्टरीणबाई तसा शब्द देत नाहीत, पण हसून बोलतात, आणि वाईट बातमी द्यायची असली की डॉक्टर हसत नाहीत, एवढं मला कळतं. पण ते केमोचं औषध एकदा सुरू झालं की पुढे मूल होईल, न होईल, कुणी सांगावं? म्हणून त्याच्या आधी, घाईघाईने, थोडं बाजूला काढून ठेवायचं. गोठवून. बर्फाहून थंड ठेवतात म्हणे, आणि वर्षानुवर्षं टिकतं — माझा तर विश्वासच बसेना, आमच्या फ्रीजमधले वाटाणेसुद्धा धड राहत नाहीत.

जरा वळा — डावीकडे — खांद्यात सैल वाटतोय का हो कोट? बघते, बसवते. तर घोडं अडलं कुठे, तर गोठवायचं काय! दोन प्रकार आहेत. एक म्हणजे नुसती बीजं — तिची, तिच्या एकटीची. इंजेक्शनं घेऊन ती वाढवायची, भूल देऊन काढायची आणि ठेवून द्यायची. दुसरं म्हणजे गर्भ, ते एम्ब्रियो म्हणतात तो — तिची बीजं आणि नवऱ्याचं, आता तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही लायब्ररीत काम करता, सगळं वाचलेलं असणार — ते प्रयोगशाळेत एकत्र करायचं, काही दिवस वाढू द्यायचं आणि मग गोठवायचं. इंजेक्शनं तीच, भूल तीच, फरक नंतरचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भ तयार झाले की निदान आपल्या हातात काय आहे ते कळतं, किती टिकले, किती धड आहेत. बीजांचं तसं नाही, ती पुढे कधी बाहेर काढाल तेव्हाच समजणार. पण गर्भ हा दोघांचा. उद्या वापरायचा म्हटलं तर दोघांचीही संमती लागते. एकाने नाही म्हटलं की राहिला तो तिथेच. बीजं मात्र तिची ती.

मी आपलं माझ्या भाषेत लावून घेतलं. म्हटलं, बीज म्हणजे न बेतलेलं कापड. घडी घालून ठेवा, पुढे त्याचं काहीही होईल, पण शिवल्यावर अंगावर कसं पडेल, धुतल्यावर आटेल का, ते आत्ता कोण सांगणार? आणि गर्भ म्हणजे बेतलेलं. सगळं समोर दिसतं — पण एकदा कात्री चालली की ते कुणाच्या तरी मापाचं झालं. सूनबाई म्हणाली, आई, तुम्ही जगातलं काहीही शिलाई मशीनवर बसवता! हसत होती. ती नेहमीच हसते. पोहायला शिकवते ना तलावावर — पाण्याला घाबरणाऱ्या मोठ्या माणसांना — हसल्याशिवाय चालतच नाही, तिचा चेहरा बघूनच ती बिचारी पाण्यात उतरतात.

मुलगा? तो — तो बाहेर असतो कामानिमित्त. लिफ्ट बसवतो. उंच उंच इमारतींत — हात जरा वर — तर बाहेर असतो. आज? नाही, आज तो हॉस्पिटलमध्येच बसलाय. सकाळीच गेलाय, इस्त्रीचा शर्ट घालून, नोकरीच्या मुलाखतीला जावं तसा. मग बाहेर कसा, म्हणताय? काहीच नाही म्हणालात? पण भुवई वर गेली तुमची, आरशात दिसतं मला. बाहेर म्हणजे — जाऊ दे, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही आणि वर टाचण्या आहेत — तो आमच्यात राहत नाही. वेगळा राहतो. दुसरी कुणीतरी आहे, त्याच्याच ऑफिसातली. वाईट नाही हो ती, मी एकदा भेटलेय, उगाच कशाला नावं ठेवू. सूनबाई माझ्याकडेच राहिली, इथेच, वरच्या मजल्यावर. तो म्हणाला होता, आई, ती जाईल आता तिच्या माहेरी. मी म्हटलं, का? गेलास तू. जो गेला त्याने जावं, जी आहे तिने राहावं. आम्ही दोघी मजेत आहोत. ती मला पोहायला शिकवते, मी तिला काजं करायला. दोघींचीही प्रगती सारखीच — मी अजून कठडा सोडलेला नाही आणि तिचं काज बघितलंत तर उंदराने कुरतडलंय असं वाटेल.

तर तिच्या आजाराचं कळलं आणि आमचे राजे धावत आले. रविवारी. इथे, या टेबलाशी बसून ढसाढसा रडला. म्हणाला, आपण गर्भच गोठवू, मी आहे ना, मी चुकलो, मी परत येतो, सगळं नीट करू. रडणं खरं होतं हो त्याचं. मी आई आहे, मला कळतं. पण त्याचं खरं रविवारपुरतंच असतं. लहानपणी कासव पाहिजे म्हणून असाच रडला होता, जेवण सोडलं होतं. आणलं कासव. आठवडाभर त्याच्याशिवाय घास घेत नव्हता. मग कासव माझ्या गळ्यात. आणि कासवं किती जगतात, तुम्हाला कल्पना आहे? अजून आहे ते! त्या चिंध्यांच्या टोपलीमागे झोपलंय. पाय जपून ठेवा. गोड पोरगा आहे, कुणाचं वाईट चिंतणार नाही, पण जे हातात घेतो ते दुसऱ्याच्या हातात देऊन निघतो. लिफ्ट मात्र चांगल्या बसवतो, तुम्ही खुशाल बसा.

मग सूनबाईने मला विचारलं. मधला मार्गही होता — डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, अर्धी बीजं तशीच ठेवू, अर्ध्यांचे गर्भ करू — पण निघणारच थोडी असली तर अर्ध्याचं अर्धं करून हाती काय राहणार? भांडी पुसत होतो आम्ही. म्हणाली, आई, तुम्ही काय म्हणता, खरं सांगा. मी म्हटलं, मला कशाला विचारतेस, मी त्याची आई. ती म्हणाली, म्हणूनच विचारते. आता सांगा, काय बोलायचं माणसाने? एक ताट मी तीनदा पुसलं. मग म्हटलं, गर्भ ठेवलास तर तुझ्या बाळाची किल्ली माझ्या मुलाच्या खिशात राहणार, आणि तो किल्ल्या हरवतो, तुला माहीत आहे. तू बीजं ठेव. तुझी तू ठेव. हो, सांगितलं! माझ्याच पोराच्या विरुद्ध, त्याच्या पाठीमागे, हातात फडकं धरून.

आता तुम्ही म्हणाल, या बाईला नातवंड नकोय. कोण म्हणतं नकोय? हवंय! तो खालचा खण आहे ना — नका वाकू, टाचणी — त्यात झबली बेतून ठेवलीत मी, उरलेल्या तुकड्यांतून, कुणाला न सांगता. गर्भ ठेवला असता तर त्यात अर्धा माझा मुलगा असता, म्हणजे पाव तरी मी असते की नाही? माझं नाक, आमच्या ह्यांचे ते पंख्यासारखे कान, काहीतरी आलं असतं. नुसत्या बीजात माझं काय? काही नाही. उद्या ती ठणठणीत बरी होईल, कुणीतरी चांगला भेटेल, दुसऱ्या कुठल्या बाईची सून होईल, आणि ती बाई माझ्या सुनेचं बाळ मांडीवर घेऊन बसेल. त्या बाईला मी अजून बघितलंही नाही, पण आत्तापासून माझ्या मनातून उतरलीय. खोटं कशाला बोलू? पण पोरगी आधी जगू दे, आणि जगल्यावर तिला कुणाच्या तोंडाकडे बघायला लागू नये, एवढंच. तिने ऐकून घेतलं. आज बीजं काढायची आहेत, काय ठरलं ते आत जायच्या आधी फोन करून सांगते म्हणाली. बहीण आहे तिच्याबरोबर. मी येते म्हटलं तर म्हणे, तुम्ही दुकान उघडा, इथे आलात तर डॉक्टरांनाच सल्ले द्याल. तशी मी देते, खोटं नाही.

बटण लावून बघा बरं. लागत नाही? श्वास सोडा. तरीही नाही? आणि खांदे मात्र हे लोंबतायत — थांबा. थांबा हं. तुमची बाही बोटांवर येतेय. मापं मी डोक्यात ठेवते, आजवर कधी चुकले नाही — हा खांदा — अहो, हा पाण्यात हात मारणाऱ्या बाईचा खांदा आहे! हे तुमचं माप नाहीच. परवा कापायला बसले तेव्हा डोकं कुठे ठिकाणावर होतं — मी तुमच्या कापडावर माझ्या सुनेचा कोट बेतलाय! हसा, हसा, तुम्ही हसलात ते बरं झालं, दुसरी असती तर माझ्या झिंज्या उपटल्या असत्या. तुमच्या लेकीच्या समारंभाला नवा कोट देते, अगदी असाच, कापड माझं, चिंता करू नका. याचं आता काही करता येत नाही. उसवून, दाबून काही होत नाही. एकदा कात्री चालली की — जाऊ दे. मीच म्हणाले ते मघाशी.

वाजला! हलू नका. हॅलो — हो गं, बोल — कोट बघतेय एकीचा, तू बोल — काय ठरलं? — बीजं. सगळी? — आणि तो? — अस्सं. रडला? — बहिणीला म्हणावं, त्याला पाणी दे. आणि सांग, मी जेवायला बोलावलंय. त्याचाही जीव आहे — नाही, मी कुठे रडतेय, तोंडात टाचण्या आहेत माझ्या! — काय म्हणालीस? — परत म्हण. — नाही, ऐकू आलं, तरी परत म्हण. — बरं. जा. घाबरू नकोस. दीर्घ श्वास घे, त्या लोकांना सांगतेस तसा. जा.

काही नाही हो. बीजंच ठेवतेय. आणि म्हणाली — म्हणाली, बाप कोण ते नंतर बघू आई, आजी कोण ते ठरलेलं आहे.

चला, हात वर करा, कोट काढू. हा राहू दे इथेच, हा तिचा. तुमचं माप उद्या घेते, आज मला टेपवरचे आकडे दिसायचे नाहीत. जपून, कासव आहे. आणि दार ओढून घ्या जाताना.