पाणी घरी असताना केलेली मोजणी

सभेच्या अध्यक्षा आदरणीय अहल्याताई, आपलं मराठी स्वल्प स्वल्प समजून घेत बसलेले महानगरपालिकेचे अभियंते नागराज साहेब, आज निवृत्त होत असलेले आमच्या कारखान्याचे मोजणीदार मल्लाप्पा अण्णा, त्यांच्या पत्नी कौशल्याअक्का, आणि रविवारची झोप मोडून राजाजीनगरच्या या मराठी मंडळात जमलेल्या बंधुभगिनींनो,

कारखान्याचा मॅनेजर म्हणून मला गोड बोलायला उभं केलंय. पण आधी एक कडू गोष्ट सांगितल्याशिवाय माझ्या तोंडून गोड निघायचं नाही.

होसूर रोडवरच्या आमच्या कारखान्यामागे पाणथळ आहे. जमीन कंपनीची, पण तिच्यातून पावसाळी गटार काढायचा हक्क शहराचा, जुन्या कागदांत नोंदलेला. गटार कधी खणलं गेलं नाही; तरी हक्क होता तोवर आम्हाला बाजूला नवी शेड बांधता येईना. शहरानं तो सोडावा म्हणून पंच्याण्णव साली आम्ही अर्ज केला. नागराज साहेबांनी पाणथळीचा मोजणी नकाशा मागितला.

एप्रिल महिना. पाणी आटून डबकं उरलेलं. मला वाटलं, पाणी जितकं कमी दिसेल तितकं काम सोपं. मल्लाप्पांना म्हटलं, उद्याच मोजणीची साखळी टाका. ते म्हणाले, "साहेब, आत्ता पाणी घरात नाही. घरधनी नसताना घर मोजू नये. नोव्हेंबरात मोजतो."

घ्या! मी पडलो पुण्याचा. एका डबक्यासाठी सात महिने थांबायचं? मी त्यांना कामचुकारपणाचा मेमो दिला. त्यांनी सुवाच्य अक्षरात दोन पानी उत्तर दिलं आणि मोजणी नोव्हेंबरातच केली. दुसरा मोजणीदार नव्हता, म्हणून मी हात चोळत बसलो. त्या मेमोपायी अण्णांची बढती गेली. हे मी चारचौघांत आज पहिल्यांदा सांगतोय. त्या वर्षीही अक्कांनी मला दिवाळीचा फराळ पाठवला होता, आणि मी तो खाल्लाही.

नकाशात पाणी निघालं अकरा एकर. मी कपाळाला हात लावला. नागराज साहेब मात्र म्हणाले, सरी, म्हणजे ठीक आहे, पाण्याला बसायला एवढी जागा असेल तर गटार कशाला? एप्रिलचा नकाशा आला असता तर गटार खणायलाच लावलं असतं, हेही त्यांनीच नंतर सांगितलं. कागद फिरत फिरत अखेर गेल्या महिन्यात शहरानं हक्क सोडला. अट एकच, ते अकरा एकर पाण्याचेच राहतील. शेड कोरड्या बाजूला उभी राहतेय, आणि जेवणाच्या सुट्टीत आमचे कामगार करकोचे मोजत बसतात.

परवा मी मेमो मागे घेतल्याचा कागद घेऊन अण्णांकडे गेलो. निवृत्त होताना फाईल स्वच्छ असावी, नाही का? त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि परत माझ्या हातात दिला.

"राहू दे, साहेब. पुढं कुणीतरी विचारणार, नोव्हेंबरातच का मोजलं म्हणून. कारण माझ्या उत्तरात लिहिलंय. मेमो गेला की त्याचं उत्तर पण जातंय."

मित्रहो, स्वतःच्या नावावरचा डाग हा माणूस पाण्यासाठी राखून ठेवतोय. मला खूप वाईट वाटलं आणि तितकाच धीरही आला. त्यांच्या जागी आलेल्या रंजिताबाईंनी कामावर आल्या दिवशी पहिली तीच फाईल मागितली.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मंडळानं हा योग आणला, मी ऋणी आहे. भाषणात काही उणंअधिक झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. मेमोची क्षमा मात्र सभेकडे मागत नाही. अण्णा, ती तुमच्याकडे मागतो.