ताईंच्या खुर्चीवर फोटो नको

इथं जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. मला चार माणसांत बोलायची सवय नाही. शाळेत लिपिक आहे, दिवसभर कागदांशीच बोलते. शैलाताईंच्या शोकसभेत बोलायचं म्हणून किन्हीराजाहून येताना एसटीत चार ओळी लिहिल्या होत्या. पण आधीची मनोगतं ऐकली आणि तो कागद पर्समध्येच ठेवला.

विलासभाऊ, राग मानू नका. तुम्ही म्हणालात, ताईंना आपलं जाणं आधीच कळलं होतं. कसं कळलं? ताईंना हृदयाचा आजार होता. आपल्यासमोर गोळ्या घ्यायच्या, वाशीमला डॉक्टरकडे जायच्या. मग तुम्ही म्हणालात, येत्या रविवारपासून गटात त्यांची खुर्ची रिकामी ठेवू, तिच्यावर फोटो ठेवू, आधी हार घालू, मग बोलायला बसू. गटातले आपण सगळे अशाच कुठल्या ना कुठल्या महाराजांच्या फोटोसमोरून उठून आलो आहोत ना?

माझा धाकटा भाऊ तापानं फणफणला होता. आम्ही ज्यांच्या सत्संगाला जायचो ते महाराज म्हणाले, दवाखाना नको, अंगारा लावा. मी हळूच विचारलं, निदान रक्त तरी तपासू का? तेवढंच विचारलं. भाऊ गेला. तेराव्यानंतरच्या सत्संगात मला उभं केलं. अनुभव सांग, म्हणाले. मी सगळ्यांसमोर सांगितलं, माझ्या शंकेनं माझा भाऊ गेला. लोकांनी जयजयकार केला.

सात वर्षांनी शाळेतल्या एका बाईंनी मला मालेगावला ताईंच्या गटात आणून सोडलं. खुर्च्या गोल मांडलेल्या. मला वाटलं, हाही सत्संगच, फक्त महाराज साडीत आहे. मी सरळ विचारलं, "तुमच्या मागं कोनते महाराज हायत?"

ताईंनी वळून पाहिलं. "माह्या मागं? माह्या मागं भिंत हाय, पुष्पाताई. तिचाबी रंग निघून राह्यला."

सगळे हसले. मी नाही हसले.

काही रविवारांनंतर त्या म्हणाल्या, "वाटलं तर तुमचा अनुभव सांगा." अनुभव! तो शब्द कानावर पडला आणि मी आपोआप उभी राहिले. हात जोडले. इथं आल्यापासून झोप लागते, भीती पळाली, सगळी ताईंची कृपा, असं घडाघडा बोलले. त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं. तिघाचौघांनी टाळ्या वाजवल्या. सवय त्यांनाही होती. विलासभाऊ, तुम्हीही वाजवल्या.

ताई म्हणाल्या, "बसून सांगा ना. अन् हे कोनाले आवडावं म्हणून सांगून राह्यल्या?"

मला राग आला. दोन रविवार गेले नाही. तिसऱ्या रविवारी गेले आणि बसूनच बोलले. माझा भाऊ माझ्या शंकेनं गेला नाही. तापानं गेला.

टाळी नाही. ताईंनी शाबासकीही दिली नाही. मग कुणीतरी विचारलं, "ताप किती दिवस होता, बाई?"

नऊ दिवस, मी म्हटलं. इतक्या वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा भावासाठी रडले.

विलासभाऊ, ते ताईंनी नव्हतं विचारलं. तुम्ही विचारलं होतं.

मग ती ताईंची कृपा कशी? मी बरी झाले का? पूर्ण नाही. अगरबत्तीचा वास आला की अजून हात गार पडतात, आत्ताही पडलेत. पण जेवढी सावरले, ती तुम्हा सगळ्यांसमोर बसून सावरले. म्हणून हात जोडून सांगते, त्या खुर्चीवर फोटो नको. रविवारी कुणी नवं माणूस येईल, भेदरलेलं. त्याला तिथं बसू द्या.

आता दोन मिनिटं उभं राहू. डोळे मिटायची सक्ती नाही. कुणी मिटले नाहीत, म्हणून त्याच्याकडे वळून बघू नका.

ताई, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास कधीच बसला नाही. तुम्हाला ते ठाऊक होतं, आणि तरी तुम्ही दर रविवारी मला चहा दिलात. तुम्हाला माझा नमस्कार.