धुलाईघरात आडवं होणं

भाची : चप्पल काढ मावशी, तशीच आत ये. फरशी खालून गरम केलीय.

मावशी : खालून? आमच्या वेळी इथे घोट्यापर्यंत साबणाचं पाणी असायचं. अगं बाई, हे आमचेच दगडी हौद ना? फोडले नाहीस तू?

भाची : मालकीणबाई फोडा म्हणत होत्या. मी म्हटलं, हौद गेले तर तुमची आर्किटेक्टही चालली.

मावशी : आईवर गेलीस अगदी. धुलाईघर बंद पडलं, भिंतीतून झाडं उगवली, छपरात कबुतरं शिरली. मला वाटलं, आज ना उद्या हे कोसळणार. आणि आता इथे लोक पोहणार?

भाची : पोहणार नाहीत. स्पा आहे हा. गरम पाण्यात नुसते बसून राहतील.

मावशी : नुसते! घरी पाणी येत नाही त्यांच्या?

भाची : टोमणा पोचला, मावशी.

मावशी : टोमणा नाही गं. भिंत बघतेय. इतकी वर्षं काढली इथे, पण ही वीट लाल आहे हे मला आज कळलं. सगळी काजळीच काजळी होती. झकास केलंयस, खरंच.

भाची : मग आता तुला ज्यासाठी बोलावलं ते ऐक. मंगळवारची सकाळ मी इथे राबलेल्या बायकांसाठी मागून घेतलीय. फुकट. भांडले त्यासाठी. पण एकही बाई हो म्हणत नाही. ज्या घरी जाते तिथे एकच, आधी तुझ्या मावशीला विचार.

मावशी : म्हणणारच. मुकादम होते मी त्यांची.

भाची : आणि कोणी आलं नाही, तर ती सकाळही श्रीमंत पाहुण्यांना जाईल.

मावशी : पण येऊन करायचं काय आम्ही? जिथे उभं राहून पाय सुजले, तिथे आडवं व्हायचं? अंग ऐकणार नाही बाई.

भाची : एकदा बघ तरी. नाही जमलं, तर पुन्हा विषय काढणार नाही. या मालिशवाल्या ताई, आणि ही खोली.

मालिशवाली : या आजी, पडा इथे. डोळे मिटा. मी गरम चादर आणते.

(थोड्या वेळाने, त्याच खोलीच्या दारात.)

भाची : काय झालं ताई? बाहेर का आलात?

मालिशवाली : काय सांगू मॅडम! चादर पांघरली, तेल घ्यायला वळले, तर आजी उठून उभ्या. चादरीची घडी करून माझ्या हातात! दुसरी पांघरली, तिचीही घडी. तिसरीला म्हणाल्या, "ते टोक धर." आणि मीही धरलं!

भाची : मावशी!

मावशी : मुद्दाम नाही गं केलं. गरम चादर लागली की हात आपले आपण चालतात. आमच्याकडे दवाखान्याच्या चादरी यायच्या. घडी घालायची, गाडीवर ठेवायची, की पुढची. एक तरी कधी स्वतःच्या अंगावर घेतली होती का?

भाची : ही तुझ्यासाठी गरम केलीय.

मावशी : कळतंय. पण हातांचं काय करू?

भाची : पुन्हा आडवी हो, आणि हात माझ्याकडे दे. दोन्ही. मी धरून बसते.

मालिशवाली : खांदे सोडा आजी. अजून. अहो, किती आवळून धरलेत!

मावशी : हळू... हं, तिथेच. पोरी, तुझे तळवे किती खरखरीत झालेत?

भाची : विटा घासून. मजुरांबरोबर मीही ब्रश घेऊन बसायचे.

मावशी : तू? या भिंती?

भाची : ही खोली तर सगळी मीच.

मावशी : आणि मला बोलली नाहीस.

भाची : तुला आवडेल की नाही, तेच कळत नव्हतं.

मावशी : त्या सगळ्यांना सांग, मंगळवारी या म्हणावं. आणि आता जरा वेळ बोलू नकोस माझ्याशी.