हॉलिसची पाठ

नाही, पण तुम्हीच मला सांगा, सुखानं नांदणाऱ्या बाईनं गावं तरी काय? आणि तेही अमेरिकेत, कंट्री गाण्यांच्या ह्या नॅशव्हिलमध्ये? जिथं गिटारची तार छेडली की नवरा पळालाच पाहिजे, असा जणू कायदाच आहे! आयुष्यभर रेकॉर्डी काढल्या मी, आणि तुम्हाला सांगते, एकीतसुद्धा माझा नवरा घरी नाही! एकीत दुसरीकडे, एकीत तुरुंगात, एकीत बारमध्ये आडवा… आणि माझा खरा नवरा, हॉलिस? खरा हॉलिस आपला बाहेर गाडीत, उकडलेल्या शेंगा खात!

पित्ताचा त्रास हो त्याला. ताकाच्या पलीकडे कधी काही प्यायला नाही. कुत्र्याला इंजेक्शन दिलं तर ह्याच्या डोळ्यांत पाणी. हा माणूस म्हणे मला सोडून जातो!

पहिल्या रेकॉर्डच्या वेळची गोष्ट सांगते. सकाळी हॉलिसनं माझा फ्रॉक इस्त्री केला, लोण्याची बिस्किटं भाजून खायला घातली आणि मला स्टुडिओच्या दारात सोडलं. आत मिस्टर पर्विस. रेकॉर्ड बनवणारा मोठा माणूस, आवाज असा की वाटावं पिंपात बसून बोलतोय. 'आर्डिथ, सूर ठीक आहे, पण दुःख कमी पडतंय. नवरा त्रास देतो का काही?' म्हटलं, नाही हो. 'दारू?' नाही. 'मारतो?' अहो, माशी मारत नाही! तर पर्विसनं असा काही उसासा टाकला, वाटलं मला घरीच पाठवतोय. शेवटी मी आमची मेलेली कोंबडी आठवली, तांबडी, फार गुणाची होती हो ती… आणि गायले! मागं स्टील गिटार रडतंय, पुढं मी. पर्विस काचेपलीकडून ओरडला, 'हेच! हेच पाहिजे होतं!' आता त्या रेकॉर्डचं नाव 'रिकामी उशी' आणि मी रडत होते कोंबडीसाठी, हे कुणाला सांगता येतं का?

मग कव्हरचा फोटो. मी खिडकीत, आणि लांब रस्त्यावर बॅग घेऊन चाललेला पुरुष, पाठमोरा. आता पाठमोरा पुरुष आणायचा कुठून? फोटोवाल्यानं बाहेर डोकावून बघितलं. आणि बाहेर कोण? हॉलिस! गाडीत, शेंगा खात! 'ओ दादा, जरा तिकडे तोंड करून चालता का?' हा उठला, हात पुसले, चालला. भोळा! त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक अल्बमवर सोडून जाणारा माणूस हाच. 'त्याच्या गाडीचा धुरळा' घ्या, पाठ हॉलिसची. 'दुसरीच्या दारात' घ्या, पाठ हॉलिसची. दुसरीच्या दारात जो उभा आहे ना, ते आमच्याच शेडचं दार आहे हो!

आणि आमचे श्रोते… देवमाणसं, पण गाणं ऐकलं की ते खरंच धरायचं. बाई रडतेय म्हणजे तिच्याच घरात आग लागलीय! कार्यक्रम संपला की मी टेबलाशी सह्या करत बसायची, आणि बायकांची ही रांग. प्रत्येकीच्या हातात कॅसरोल, भट्टीत भाजलेलं, वर चीज, कडेनं खरपूस झालेलं. 'खा गं बाई, किती वाळलीस त्या मेल्यापायी!' आणि मेला कुठंय? गाडीत! लोक त्याला पाठीवरून ओळखायला लागले, सांगा आता! पेट्रोल भरायला उतरला, वाकला, की झालं. एकदा नॉक्सव्हिलमध्ये यूडोरा नावाची एक बाई, धट्टीकट्टी, मागून आली आणि हातातली पर्स घातली की त्याच्या डोक्यात! 'हे आर्डिथसाठी!' हॉलिस काय म्हणाला? 'थँक यू, मॅडम.' आणि गाडीत येऊन मला म्हणतो, 'आर्डी, शिव्या मला आणि कॅसरोल तुला? हा कुठला न्याय? निम्मं दे.' द्यायची. रोज निम्मं.

हसायचा तो. पण आमच्या चर्चमध्ये त्याच्या शेजारचा बाक रिकामा राहायला लागला ना, तेव्हा नाही हसला. नुसता बायबल चाळत बसला. मला फार लागलं ते. म्हटलं, ह्या माणसाचं नाव मी एकदा तरी धुऊन काढणार. आणि लिहिलं गाणं. साधंच. सकाळी तो उठतो, बिस्किटं भाजतो, थंडीत गाडी गरम करतो आणि माझी वाट बघतो. बस, एवढंच.

पर्विसनं ऐकलं. 'छान आहे. पुढच्या रेकॉर्डला बघू.' पुढची आली. 'आर्डिथ, सुखी माणूस रेडिओ लावतो कशाला? तो झोपतो!' मग कॅसेटी आल्या, पुढच्या वेळी. सीड्या आल्या, पुढच्या वेळी. पर्विस वारला, कंपनीनं मला नारळ दिला, तरी माझं सुख आपलं पुढच्याच वेळी! हॉलिस म्हणायचा, 'जाऊ दे गं. मला माहितीय ना.' अरे, तुला माहितीय, पण यूडोराला कोण सांगणार?

गेल्या वसंतात हॉलिस गेला. गाडीतच, बसल्या जागी. मी आत गात होते.

…

त्यानंतर मी माझ्या हिमतीवर शेवटचा अल्बम काढला. आता अडवणारं कोण? ते गाणं गायले. एक शब्द बदलला नाही. 'वाट बघतो'पाशी एकदा दाराकडे बघितलं, एवढंच. स्टील गिटारवाला बराच वेळ चष्मा पुसत बसला होता, आणि पुन्हा घ्यायचं का विचारलं तर नको म्हणाला. कव्हरवर फोटो हॉलिसचाच, पण पहिल्यांदाच समोरून.

मग अलाबामातली जत्रा. मी माइकवर बजावून सांगितलं, लोकहो, हे सुखाचं गाणं आहे, माझ्या नवऱ्याचं, नीट ऐका! आणि गायले. आणि काय सांगू तुम्हाला… अख्खा मंडप रडतोय! टोप्या काढून रडतायत! अरे, बिस्किटांचं गाणं आहे!

खाली टेबलाशी येऊन बसते तर रांगेत पहिली कोण? यूडोरा! म्हातारी झाली, काठी टेकत आली, पण पर्स तीच आणि हातात कॅसरोल. माझ्या हातावर हात ठेवला. 'बाई गं, इतकं दुःखाचं गाणं तू आजवर गायली नव्हतीस. गेला ना शेवटी सोडून?'

आता बघा, ह्याच बाईसाठी तर ते गाणं होतं! तोंड उघडलं, सगळं सांगणार होते, इस्त्री, ताक, कोंबडी, सगळं… आणि तोंडातून निघालं काय?

'हो. गेला.'

'पाठ बघूनच ओळखलं होतं मी!' म्हणाली, आणि कव्हर उलटं करून, त्याचं तोंड टेबलाकडे करून ठेवलं.

कॅसरोल घेतलं, गाडीत जाऊन बसले. सीटच्या फटीत अजून टरफलं आहेत. आणि तुम्हाला सांगते, अख्खं खाल्लं मी एकटीनं… आता निम्मं मागायला आहे कोण?