सीतारामदादांची खोटी साक्ष

सन्माननीय अध्यक्ष डॉ. सुबोध राऊळ, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती सीतारामदादा तांडेल, सुगंधावहिनी, आणि कामाचा दिवस असूनही मुलुंडच्या या सभागृहात जमलेले आमच्या प्रयोगशाळेतले स्नेही, आपणा सर्वांना अक्षताचा नमस्कार.

तेहतीस वर्षं दादांनी आमचं मशीन सांभाळलं. वहिनी, त्या मशीनवर चालायचं काय, हे त्यांनी घरी कधी सांगितलं का? कार्बनचे पाच, सात, नऊ अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. असा इवलासा पुंजका आम्ही सेकंदाला हजारो किलोमीटर वेगानं हेलियमच्या अणूवर आदळवायचो. त्याच्या पार चिंधड्या व्हायच्या. त्या तुकड्यांत तीन अणूंचा तुकडा पुन्हा पुन्हा सापडायचा. तोच का, हा माझ्या पीएचडीचा प्रश्न होता.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मशीनवर मला मिळालेल्या वेळेतला तो शेवटचा दिवस होता. सकाळी दादांना टक्करपेटीच्या काचेला केसाएवढा तडा दिसला. पंप लावला की पेटीतली सगळी हवा ओढली जाते, आणि काचेवर बाहेरून हवेचा दाब येतो. ते म्हणाले, "काच बदलल्याशिवाय पंप लावायचा नाही." तशी चिठ्ठी लावून ते जेवायला गेले.

ती चिठ्ठी मी काढली. पंप सुरू केला. अध्यक्ष महाराज, हे आज मी पहिल्यांदाच बोलते आहे.

सात अणूंचे पुंजके फुटू लागले. आकडे झकास येत होते. काचेशेजारच्या मीटरवर ते वाचायला मी वाकले होते. दादा दारातूनच धावले, माझा खांदा धरून मला जमिनीवर फेकलं, आणि काच फुटली. कानठळ्या बसल्या. काचा आत खेचल्या गेल्या, पेटीच्या आतल्या भिंतीवर आपटून उलट्या बाहेर आल्या. मान वर केली, तर दादांच्या डाव्या डोळ्यात काच रुतली होती. रक्त बोटांमधून कोपरापर्यंत उतरत होतं. मी किंचाळत होते.

ते म्हणाले, "ओरडू नको. आधी व्होल्टेज बंद कर."

डोळा गेला. चौकशी बसली. दादांनी साक्ष दिली, "चिठ्ठी लावायची माझ्याकडून राहिली." त्यांची बढती कायमची थांबली. मी शेजारच्याच खुर्चीत बसले होते, गप्प. नंतर विचारलं, तर म्हणाले, "तुझं नाव आलं असतं तर तुला काढलं असतं गं. मला काढणार नव्हते." आणि मी ते मान्य केलं. सोयीचं होतं ना.

"अक्षता, पुरे आता. बस खाली."

नाही दादा, आज बोलू द्या. जुनी साक्ष दुरुस्त करावी, असं लेखी पत्र मी सकाळी संचालकांना दिलं आहे. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती होईल.

संयोजकांनी मला बोलायची संधी दिली, त्यांचे आभार. कौतुकाच्या समारंभात असा विषय काढला, वेळही जास्त घेतला, तेवढ्यापुरती सभागृहानं मला क्षमा करावी. बाकीची क्षमा करायची की नाही, ते सुगंधावहिनींनी ठरवावं. मी खाली येते आहे, वहिनी.